दुसऱ्या गेटाजवळचं घर

यमनाप्पा गुत्तेदारानं घराचं पक्कं करायला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती आणि आज रविवार उजाडला होता. नागोजींनी आंघोळ आटोपली, कपाळाला अंगारा लावला आणि उंबऱ्यात उभं राहून सांगून टाकलं, "आज माग बंद. सगळीच टिळकवाडीला जाऊ. घर सगळ्यांनी बघायचं. मागनं कुणी म्हणायला नको, आमास्नी न दाखवता घेतलं म्हणून."

अमावस्या सोडली तर शहापुरातल्या त्या घरातले आठ माग कधी थांबत नसत. नागोजींची बायको सोनाबाई गेली तेव्हा तेवढे तेरा दिवस थांबले होते. जोतिबानं हातातला धोटा खाली ठेवला. पदराचं काम निम्म्यावर आलं होतं. आठ मागांचा सगळा व्याप तोच सांभाळत होता, तरी घरातला शेवटचा शब्द अजून नागोजींचाच होता.

उन्हं चढायच्या आत ते निघाले. पुढं नागोजी, त्यांच्यामागं जोतिबा आणि धाकटा परशराम, मग दोघांच्या बायका मालुबाई आणि जयाबाई. सगळ्यांच्या मागं बायाक्का, नागोजींची बहीण. तिच्या डोक्यावर भाकरीची बुट्टी होती. वाटेत मालुबाईनं दोनदा हात पुढं केला, पण तिनं बुट्टी दिली नाही.

जोतिबा मनातल्या मनात वाट मोजत होता. परशराम गेली सहा वर्षं या वाटेनं रोज बेळगावच्या स्टेशनात जात होता, पार्सल ऑफिसात. जोतिबाला बाजारपेठेपलीकडं फारसं जावं लागत नसे. साड्या न्यायला व्यापारीच घरी येत. शहापूर सांगली संस्थानचं; पुढं गेलं की इंग्रजांची हद्द. जमिनीवर कुठं रेघ दिसत नव्हती, पण पाटाच्या पलीकडं रस्ता एकदम रुंद झाला, दोन्ही बाजूंना नवी घरं लागली, आणि आपण परगावी आलो असं त्याला वाटलं.

"ह्या घरांत कोण कोण ऱ्हातंय रं?" त्यानं विचारलं.

परशराम याच प्रश्नाची वाट बघत असावा. "त्या कोपऱ्यावर वकील हाय. त्याच्या शेजारी गाडीचा गार्ड. एक मास्तर तर रोज सकाळच्या गाडीनं खानापूरला जातोय शिकवायला, आणि सांजच्या गाडीनं परत. ठेसन धा मिनिटांवर, कॅम्प जवळ, मिरजेला जा न्हायतर लोंढ्याला जा, दारातनं निघालं की गाडीत. दादा, पाच वर्सांत हितं पाय ठेवायला जागा मिळणार न्हाय बघ. आज घर घेईल त्यो शाणा."

"आणि माग?"

"माग शापुरात हायतच की."

"ते हायत. चालवायचं कुणी, ते इचारतोय."

समोर रेल्वेचं दुसरं गेट दिसायला लागलं होतं, आणि गेटाच्या अलीकडं उजव्या हाताला एका रांगेत सहा नवी घरं. लाल मंगलोरी कौलं, पांढऱ्या भिंती, प्रत्येक घरापुढं हातभर कट्टा.

"बर्री, बर्री, या, नागोजीअण्णा!" यमनाप्पा शेवटच्या घराच्या कट्ट्यावरून उठला. धोतराचा सोगा हातात घेऊन तो पुढं आला. "पाच गेली. ह्ये एकच राहिलंय. तुमच्यासाठी ठेवलंय म्हणा."

"कालच दुसऱ्या एकाला दाखवलंस म्हणं," नागोजी म्हणाले.

यमनाप्पा हसला. "दाखवायला काय जातंय? दिलं न्हाय न्हवं?"

घरात चुन्याचा वास कोंडला होता. पुढं दोन खोल्या, मध्ये एक, मागं स्वयंपाकघर. मागं परडं, आणि सहा घरांत मिळून एक विहीर. जोतिबा पुढच्या खोलीत शहाबादी फरशीवर उभा राहिला. त्यानं पावलांनी लांबी मोजली, मग रुंदी.

"हितं खड्डा काढला तर एक माग बसंल," तो म्हणाला.

"न्हाय न्हाय!" यमनाप्पानं घाईनं हात हलवला. "कागदातच अट हाय. ह्या रांगेत धंदा न्हाय, दुकान न्हाय, जनावर न्हाय. हितं ऱ्हाणारी माणसं नोकरीवाली. सांजला आली की त्यांना शांतता पायजे."

जोतिबानं मान डोलावली. जिथं माग बसत नाही अशा घरात तो याआधी पाहुणा म्हणून गेला होता, पण असं घर आपल्या कुटुंबाचं होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

* * *

मालुबाई स्वयंपाकघरात चुलीच्या वरचं धुराडं बघत होती. चौकोनी भोकातून वरचं आभाळ दिसत होतं. जयाबाईनं खिडकीची दारं एकदा लावली, एकदा उघडली, पुन्हा लावली.

"आक्का, धूर सगळा वर जाणार. डोळं चुरचुरणार न्हाईत," जयाबाई हळूच म्हणाली.

"तुझं मन बसलंय व्हय हितं?"

जयाबाईनं खिडकीकडं तोंड केलं. "माझ्या मनानं काय व्हणार? मामंजी म्हणत्यात भाड्यानं द्यायचं. हे म्हणत्यात आपुन ऱ्हायचं. रोज सांजला दोघांचं तेच."

मालुबाईला तिचा राग यायला हवा होता. धाकटी वेगळी झाली की मागाला सुताच्या कांड्या भरणं, चूल, आठ मागांवरच्या माणसांचा चहा, सगळं थोरलीवर येणार. पण ती स्वतः शहापूरच्या घरात आली तेव्हा बारा वर्षांची होती आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात कांड्या भरायचा रहाट आला होता. सुताचा भुगा छातीत जाऊन जाऊन आता पहाटे खोकला येई. जयाबाईच्या छातीतही तो यावा, असं तिला वाटेना.

"आत्ती कुठं गेल्या?" तिनं विचारलं.

दोघी मधल्या खोलीकडं वळल्या. खोलीचं दार लावलेलं होतं. मालुबाईनं ढकललं तर ते उघडेना. आतून कडी होती.

"आत्ती?"

आत काही हललं नाही. मग सावकाश कडी निघाली. बायाक्का दारात उभी होती, पांढऱ्या डोक्यावरचा पदर नीट करत. खोलीत काहीच नव्हतं. फरशी, चार भिंती आणि एक झरोका.

"काय करत हुतासा आत?"

"उभी हुते," बायाक्का म्हणाली. "चला, माणसांस्नी वाढूया."

* * *

भिंतीच्या सावलीत परड्यात जेवणं झाली. भाकरी, झुणका, कांदा, गाडग्यातलं दही. यमनाप्पालाही बसवलं. गेटावरून मालगाडी गेली तेव्हा सगळे बोलायचे थांबले, आणि डबे संपल्यावर नागोजींनी हात धुतले.

"हां, तर ऐका," ते म्हणाले. "घर चांगलं हाय. मला पसंत हाय. मच्छे गावातलं शेत इकायचं आणि ह्ये घ्यायचं. गिऱ्हाईक ठरलंय. शेताचं भात पावसावर, घराचं भाडं काय पावसावर न्हाय. नोकरीवाला माणूस म्हयन्याच्या म्हयन्याला देतोय."

"आप्पा, भाड्यानं कशाला?" परशराम म्हणाला. "मीच ऱ्हातो की. मला बारा तासाची पाळी असती. पावसाळ्यात घोट्याएवढ्या चिखलातनं येतो. हितनं धा..."

"आणि तुझा पगार?" जोतिबानं विचारलं. आवाज चढवला नव्हता. "आज त्यो आप्पांच्या हातात येतो. तू हितं चूल मांडलीस की हितंच संपणार. सुताचं भाव काय झाल्यात, ठावं हाय तुला? गिरणीच्या साड्या बाजारात आल्यापासनं व्यापारी तोंड वाकडं करतोय. आठातलं दोन माग मी कवाच बंद केलं असतं. तुझ्या पगारावर चाललंय ते."

"म्हंजे मी जन्मभर माग वडू व्हय, ठेसनात बसून?"

"तसं न्हाय रं म्हटलं मी."

"दोघं गप बसा," नागोजी म्हणाले. "भाड्यानंच द्यायचं ठरलंय. बाया, परवा तालुक्याच्या कचेरीत तुला यायला लागंल. शेताच्या कागदावर तुझा अंगठा पायजे."

बायाक्का बुट्टीत भांडी ठेवत होती. तिनं हातातलं पितळी ताट खाली ठेवलं.

"अण्णा, शेत कुणाचं?"

"आपलंच की."

"कागदावर कुणाचं?"

नागोजींनी तिच्याकडं पाहिलं. "तुझं. बाबांनी तुला चोळीबांगडीला दिल्यालं. सगळ्यांस्नी ठावं हाय."

"मग त्ये इकून घेतलं तर घर बी माझ्याच नावावर हुईल न्हवं?"

यमनाप्पानं सुपारी कातरायची थांबवली. परशराम हसायला गेला आणि कुणीच हसत नाही असं बघून थांबला.

"आत्ती, तुझ्या नावावर कशाला?" तो म्हणाला. "कचेरीत हेलपाटं मारायला लागत्यात. पट्टी भरायला लागती. बाईमाणसाला..."

"तू रोज कचेरीवरनंच ठेसनात जातोस. पट्टी तू भरून येशील."

"तसं न्हाय गं..."

"मग कसं?"

परशराम आप्पांकडं बघू लागला.

नागोजी बहिणीकडं बघत होते. एकोणिसाव्या वर्षी प्लेगात तिचा नवरा गेला, तेव्हा तेच गाडी घेऊन गेले होते आणि तिला माहेरी घेऊन आले होते. त्याला बत्तीस वर्षं झाली. दर वर्षी मच्छ्याहून भाताच्या गोणी येत, कणगीत पडत, घर ते भात खाई. एकदाही ते तिला म्हणाले नव्हते, बाया, तुझं भात आलं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. त्यामुळं ते भात घराचंच आहे असं त्यांना इतकं खरं वाटत आलं होतं, की आत्ता तिनं कागदावरच्या नावाचा विषय काढताच ते ओशाळले. राग नव्हता तो. राग आला असता तर सोपं झालं असतं.

"तुला आमी काय कमी केलं काय गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, अण्णा. म्हणून तर एवढी वर्सं तोंड उघडलं न्हाय."

"मग आताच का?"

"तू इकायला निघालास म्हणून. पिकवायला मालक लागत न्हाय, कूळ लागतंय. इकायचं म्हटल्यावर मालक लागतोय."

यमनाप्पा हळूच म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं." आणि नागोजींनी बघितल्यावर पुन्हा सुपारीकडं वळला.

"घर घेऊन काय करणार तू?" नागोजी म्हणाले.

"ऱ्हाणार."

विहिरीवर शेजारच्या घरातली बाई पाणी ओढत होती, रहाटाचा आवाज तेवढा येत होता.

"एकटी?"

"मधल्या खोलीत. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं देईन. त्यो खानापूरला जाणारा मास्तर दुसरी जागा बघतोय म्हणं." बायाक्कानं पदराची कड बोटांत धरली. "अण्णा, मी बत्तीस वर्सं माजघरात निजते. एका अंगाला कणगी, एका अंगाला माग. कुणी पाण्याला उठलं की माझ्या पायावरनं जातंय. मी त्याबद्दल काय म्हणत न्हाय. घर लहान, माणसं लई. पण आज त्या खोलीची कडी मी आतनं लावून बघितली. बरं वाटलं मला."

मालुबाईनं खाली बघितलं. तिच्या घशात खोकला आला होता, पण तो तिनं दाबून धरला.

"लोक काय म्हणतील?" नागोजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "नागोजीनं म्हातारपणी भनीला घराभाईर काढलं, असं म्हणतील."

"तू सांग की, भनीनं घर घेतलं."

आता जोतिबा पुढं सरकला. त्याची काळजी वेगळी होती. जुना ताणा संपला की नव्या ताण्याचे दोन-अडीच हजार धागे एकेक करून जुन्याला जोडावे लागत, बोटांच्या पिळानं, गाठ न मारता. ते काम शहापुरात बायाक्कासारखं कुणाला येत नव्हतं. शेजारचे विणकर तिला बोलवायला येत.

"आत्ती, तू हितं आलीस तर सांधणी कोण करणार?"

"मीच."

"हितनं?"

"तुझा भाऊ सहा वर्सं शापुरातनं ठेसनाकडं चालतोय. मी ठेसनाकडनं शापुरात चालंन. सकाळी येणार, सांजला परत. वाट एकच हाय की रं."

जोतिबानं डोकं खाजवलं. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं. "म्हंजे तू बी नोकरीवाली झालीस म्हणायची."

"व्हय. आणि दुपारची भाकरी तुझ्या घरात खाणार."

परशराम उठून विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. सहा वर्षं त्यानं हे घर डोक्यात बांधलं होतं. पाया खणताना तो रोज येता-जाता उभा राहून बघायचा. कौलं चढली त्या दिवशी त्यानं जयाबाईसाठी बुंदी नेली होती. आता पुढच्या दोन खोल्यांत खानापूरचा मास्तर झोपणार होता.

"आत्ती," तो म्हणाला, "मास्तराला देणार, आणि मला न्हाय?"

बायाक्का काही बोलायच्या आत मागून जयाबाई बोलली. सासऱ्यासमोर ती एरवी तोंड उघडत नसे. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून ती म्हणाली, "आत्ती, आमी भाडं दिलं तर आमास्नी द्याल?"

"काय बोलतीस?" परशराम वळला. "घरच्या माणसाला भाडं?"

"मास्तर देणार, तेवढं आपुन देऊ. पगार तुमास्नी बी हाय की."

मालुबाईला इतकं हसू आलं, की आतापर्यंत दाबलेला खोकलाही त्याबरोबर बाहेर पडला. जोतिबा हसला. यमनाप्पाही हसला. परशरामचे कान लाल झाले.

बायाक्का मात्र हसली नाही. ती विचार करत होती. "देईन," ती म्हणाली. "पण परशा, भाडं सोडणार न्हाय. भावाचं पोर म्हणून एक म्हयना बी न्हाय. आणि जोत्या, तू ऐक. मच्छ्याचं भात ज्या घरात पडत हुतं, त्याच घरात निम्मं भाडं येईल. मालूच्या हातात. सुताला लावायचं न्हाय ते. कांड्या भरायला एक बाई ठेव त्यातनं."

मालुबाईनं पटकन मान वर केली. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

आता सगळे नागोजींकडं बघत होते. ते उठले. एकटेच घरात गेले. पुढच्या खोलीत, मग मधल्या खोलीत. त्यांनी दार लावलं नाही, नुसतं कडीवरून बोट फिरवलं. लोखंड नवं होतं, अजून तेलकट. बाया लहान होती तेव्हा खेळताना कणगीत लपून बसायची आणि संध्याकाळपर्यंत सापडायची नाही, एवढं त्यांना आठवलं. परड्यात परत आले तेव्हा त्यांनी यमनाप्पालाच विचारलं, "बाईच्या नावावर कागद करायला तुझं काय?"

"माझं काय? अंगठा उठला म्हंजे झालं."

"आणि घरात बसून कांड्या भरल्या तर धंदा म्हणशील?" बायाक्कानं विचारलं.

"चार भिंतींच्या आत कोण बघायला येतंय, आक्का?"

"मग मागच्या कोपऱ्यातलं कौल नीट करून दे. तिथं उजेड दिसतोय. पावसात गळंल."

यमनाप्पानं वर बघितलं. कौल खरंच सरकलेलं होतं.

* * *

कागद आठ दिवसांनी झाले. आधी शेताचा, मग घराचा. कचेरीतल्या कारकुनानं सवयीनं नागोजींपुढं दौत सरकवली. "खरेदी घेणार तुम्ही?"

"न्हाय. ही," नागोजी म्हणाले. "मी साक्षीदार."

बायाक्कानं अंगठा उठवला. खाली त्यांनी मोडीत सही केली. बाहेर आल्यावर तिनं पदराच्या टोकानं अंगठा पुसला. शाई गेली नाही. तीन-चार दिवस सांधणी करताना पांढऱ्या सुतावर डाग पडू नये म्हणून तिला जपावं लागलं.

अक्षय तृतीयेला ती राहायला गेली. सामान एका गाडीत मावलं, आणि त्यातलंही निम्मं जयाबाईचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शहापूरला निघाली तेव्हा समोरून छत्र्या आणि जेवणाचे डबे घेतलेली माणसं घाईघाईनं स्टेशनाकडं येत होती. ती त्यांच्यातून वाट काढत उलटी चालली. ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, "बायाक्का, हिकडं कुठनं?" तिनं प्रत्येकाला सांगितलं, "घरातनं."

दिवसभर ती मागाच्या खड्ड्याशी बसून धागे जोडत राहिली. उन्हं उतरली तसं जोतिबानं तिला थांबवलं. नागोजींनी खुंटीवरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं.

"कुठं निघालास?" बायाक्कानं विचारलं.

"पाय मोकळं करतो."

दोघं बोलत बोलत गेटापर्यंत आले. मच्छ्याच्या नव्या मालकानं बांधावरची जुनी चिंच ठेवली आहे, असं नागोजींनी सांगितलं. तिनं नुसतं "बरं केलं" म्हटलं. गेट बंद होतं. मिरजेची गाडी धडधडत निघून गेली, गेटवाल्यानं दांडी वर केली आणि थांबलेले टांगे हलले.

"आता तू जा," ती म्हणाली. "परत जाताना अंधार हुईल."

"पोचवून जातो की. हितंच तर हाय."

"हितंच हाय, म्हणून तर म्हणते. जाईन मी."

नागोजी थांबले. सबंध आयुष्यात या बहिणीला निरोप द्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. लग्नात आली असेल, पण तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि रडत होती.

"उद्या येशील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"येणार की. ताणा निम्मा राहिलाय."

ती वळली आणि नव्या घरांच्या रांगेकडं चालू लागली. शेवटच्या दाराशी पोचल्यावर तिनं कनवटीची मधल्या खोलीची किल्ली काढून हातात घेतली आणि आत गेली. थोड्या वेळानं मधल्या खोलीच्या झरोक्यात दिवा दिसला. मग नागोजी शहापूरच्या वाटेला लागले.